टॉवरखालची खोली

३ नोव्हें.
सोनालीला सातवा लागला. पिरंगुटला सोनोग्राफी. डॉक्टरबाईंनी पडद्यावर बाळाचा मेंदू दाखवला. मधोमध रेघ, दोन बाजूंना दोन भाग, सोललेल्या वालाच्या डाळिंब्यांसारखे. "यात रोज नवे धागे जुळतायत," म्हणाल्या. कुणी शिकवत नाही, तरी! बाहेर आलो तो अनवाणीच, चपला दाराशी राहिल्या.
आमच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर, खाली झोपायची खोली. विचारलंच. "लहरींनी बाळाच्या मेंदूला अपाय होतो असा ठोस पुरावा नाही. अभ्यास चालू आहेत. घाबरू नका." 'चालू आहेत' एवढंच डोक्यात राहिलं.

५ नोव्हें.
टॉवरचा करार संपतोय, नवा करायचाय. घर वडिलांच्या व माझ्या नावावर, सह्या दोघांच्या लागतात. मी म्हणालो, थांबू. आण्णा भडकले. "रेंज न्हाई म्हणून भाडेकरू मारुंजीला पळत्याल. दहावीला दोनदा बसलास, आन् आता डॉक्टर झालास व्हय?"

६ नोव्हें.
सोनालीचा पलंग समोर चुलतीच्या माडीवर हलवला. मोजून एकशे बारा पावलं लांब. चुलती: "का रं, तुमच्या घरात भूत निघालं का?" सोनाली हसली. मी नाही.

८ नोव्हें.
आमचा भाडेकरू अमरावतीचा, टॉवरच्याच कामात. त्याला सांगितलं, तर कपाळाला हात! "अबे भाऊ, दिव्याखाली अंधार असते. अँटेना समोर फेकते, खाली नाही. वहिनीले नेमकं अँटेनाच्याच तोंडापुढे नेऊन ठेवलं तू." मग म्हणाला, तिथंही मर्यादेच्या आतच असेल. असेल. मोजलंय कुणी?
पलंग परत आणला. सोनाली: "आता कुटं ठेवताय मला, हिरीत?"

९ नोव्हें.
चुलतीच्या घराला लागूनच अंगणवाडी. इतकी वर्षं डोळ्यांसमोर, आणि मी एकाच बाळाचा विचार करत बसलो.
सकाळी फाटकाशी उभा राहिलो. एक चिमुरडी जाड दोऱ्यात मणी ओवत होती, जीभ बाहेर काढून. तीनदा चुकली. चौथ्यांदा गेला. मग एकही चुकेना. आत्ताच, माझ्यादेखत, तिच्या डोक्यात काहीतरी जुळलं.
करार खिशात. आण्णांची सही झालेली, माझी जागा कोरी.
त्यांचा फोन आला. रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या, आवाज स्वच्छ. "केलीस का सही?"
"मुलं सुटू द्या," म्हणालो.
"कुटली मुलं?"