एकतीस नंबरची ताई

सोमवार, ४ तारीख

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. साष्टांग हे लिहिण्यापुरतं, कारण गुडघे आता बाकीच्या अंगांना साथ देत नाहीत. मी इकडे मजेत. तुझी तब्येत विचारत नाही. तू ‘मस्त’ असंच लिहिणार आणि खरं काय ते भावोजी फोनवर सांगणार. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास, आणि त्या चार तासांतही तू नर्सला चादरीची घडी शिकवतेस, एवढं मला कळलंय.

माझ्या नव्या नोकरीबद्दल तू विचारलंस. भावोजींनी तुला ‘प्राण्यांचा दवाखाना’ असं सांगितलंय, ते अर्धवट आहे. मी डुकरं सांभाळतो. नाक मुरडू नकोस, आधी पूर्ण वाच. ही डुकरं आपल्यापेक्षा स्वच्छ आहेत. त्यांच्याकडे जाताना आंघोळ करावी लागते आणि परत येतानाही, डोक्यावरून, साबण लावून, दिवसातून चारदा. मला आंघोळीला धरून नेण्यासाठी तू घरभर धावायचीस, ते मला रोज नळाखाली आठवतं.

आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई सांगतात, डुकराची किडनी माणसाला बसवली तर माणसाचं शरीर तिला परकी म्हणून ताबडतोब हाकलून देतं. म्हणून बाईंनी डुकराचे तीन जीन बंद केलेत, जे आपल्या शरीराला खुपतात ते, आणि माणसाचे सहा घातलेत. चौथा बंद केलाय तो वाढीचा, नाहीतर ती किडनी पोटात बसून वाढतच राहायची. (माझा वाढीचा जीन जन्मतःच कुणी बंद केला, हे विचारायचं राहिलंय.) शिवाय कुठल्या जीनने कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, याचीही बटणं असतात म्हणे. मी म्हटलं, बाई, आमच्या घरात ते काम ताई करायची.

आता एक सांगतो, पण हातात कपबशी असेल तर आधी खाली ठेव. इथे डुकरांना नाव द्यायला सक्त मनाई आहे. नंबरानेच हाक मारायची, म्हणजे जीव अडकत नाही. पण एकतीस नंबरची डुकरीण अशी, की बाकीच्या सगळ्यांचं खाऊन झाल्याशिवाय स्वतः तोंड लावत नाही. कुणी मध्ये घुसलं तर नाकाने ढकलून त्याला जागेवर नेऊन उभं करते. एकदा माझ्या तोंडून ‘ताई’ निघून गेलं. तेव्हापासून ती दुसऱ्या कशालाच ओ देत नाही. परवा तपासणीला बाहेरची मंडळी आली होती. बाईंनी ‘एकतीस, एकतीस’ म्हणून तीनदा पुकारलं. ही ढिम्म. शेवटी सगळ्यांसमोर मलाच म्हणावं लागलं, ‘ताई, चल ना गं.’ लगेच आली आणि माझ्या बुटावर पाय देऊन उभी राहिली. बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

तर तू धीर धर. माझं रक्त जुळलं नाही, नाहीतर प्रश्नच नव्हता. नाहीच जुळलं, काय करणार. डॉक्टर म्हणाले, इतकं न जुळणारं रक्त त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. जाऊ दे, तो विषय नको. एकतीस आहे ना. थोड्याच दिवसांची गोष्ट आहे.

भावोजींना नमस्कार.

तुझा, चारदा धुतलेला,
टिल्लू


शनिवार, २३ तारीख

ती. ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. ‘डुकरिणीला माझं नाव दिलंस, भेटशील तेव्हा कान उपटते’ हे अपेक्षितच होतं. पण शेवटी तू लिहिलंस, ‘रक्त जुळलं नाही यात तुझा काय दोष? मनाला लावून घेऊ नकोस. वेळेवर जेवत जा.’ ते वाचून त्या दिवशी मी जेवलोच नाही.

आधी इथली गंमत सांगतो. गंमत म्हणजे माझी नोकरी जाता जाता राहिली.

डुकरांचा एखादा आजार आम्हाला लागला नाही ना, हे बघायला दर सहा महिन्यांनी आमचंही रक्त तपासतात. आता सुई दिसली की माझे पाय आपोआप दाराकडे वळतात, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? डुकरांचं रक्त काढताना एकतीसचं डोकं धरायचं काम माझं. मी डोळे गच्च मिटून, तिच्या कानाशी तोंड नेऊन उभा असतो आणि ती निवांत काहीतरी चघळत असते. बघणारे म्हणतात, केवढा जीव आहे याचा तिच्यावर!

त्या दिवशी डुकरांचं आणि आमचं रक्त एकाच खोलीत काढत होते. रक्त काढणारी मुलगी फोन घ्यायला बाहेर गेली. एकतीसची एक नळी जास्तीची भरलेली होती, आणि माझ्या नावाची रिकामी नळी शेजारीच होती. पुढचं तुला कळलंच असेल.

आठवड्याने बाईंनी बोलावलं.

‘बसा. तुमचा अहवाल आलाय. तब्येत ठणठणीत आहे.’

‘सगळी तुमची कृपा, बाई.’

‘प्रयोगशाळेला शंका आली म्हणून त्यांनी जीनही तपासले. चार बंद आहेत, सहा घातलेले आहेत, सगळे नीट काम करताहेत. किडनी द्यायला तुमच्याइतकं योग्य कुणी नाही. अडचण एकच आहे. या अहवालानुसार तुम्ही माणूस नाही.’

मला वाटलं, आता हसतील आणि सोडून देतील. हसल्या नाहीत. ‘का केलंत?’ एवढंच विचारलं. काय झालं कोणास ठाऊक, ताई, मी सगळं ओकलो. तुला जे सांगितलं नाही, तेही.

ते आता तुला सांगतो. माझं रक्त कधी तपासलंच नव्हतं.

दीड वर्षापूर्वी सगळ्यांसमोर ‘एक काय, दोन्ही घ्या!’ म्हणून छाती ठोकणारा मीच. तपासणीच्या सकाळी त्यांनी मला पाठीमागे नाड्या असलेला तो झगा घालायला दिला आणि बसायला सांगितलं. सुईचा ट्रे आत येताना दिसला. मी उठलो, धुलाईखान्यातून मागच्या दाराने बाहेर पडलो आणि तसाच, पाठ उघडी, दोन बसथांबे चालत गेलो. तिथून भावोजींना फोन केला, की रक्त जुळत नाही. इस्पितळवाले देणाऱ्याबद्दल कुणाला काही सांगत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तू फोनवर मलाच म्हणालीस, ‘रडू नकोस रे, तू प्रयत्न तरी केलास.’ मी तेव्हा त्या झग्यात बाकावर बसलो होतो. मला माझी लाज वाटली आणि आजही वाटते.

बाईंना मी विचारलं, एकतीसची किडनी माझ्या ताईला कधी मिळेल? म्हणाल्या, ‘मी आयुष्य घातलंय यात. एक दिवस हे नक्की होईल. पण कधी ते मला माहीत नाही, आणि तारीख सांगितली तर मी तुमच्याहून मोठी थापाडी ठरेन.’ मग चष्मा काढून म्हणाल्या, ‘तुम्ही ही नोकरी धरलीत कशासाठी?’

मी म्हटलं, ‘बाई, माझ्या जागी उभं राहील असं कुणीतरी शोधत होतो.’

त्या उठल्या. म्हणाल्या, ‘रक्त तर मला तुमचं लागणारच आहे. आता सगळ्यांसमोर काढायचं.’ रीतसर आंघोळ करून आम्ही आत गेलो. या वेळी स्टुलावर मी आणि बघायला एकतीस. मी जरा हललो तशी ती आली आणि बुटावर पाय देऊन उभी राहिली. केवढं वजन आहे तिचं! हलायची सोयच उरली नाही. मी डोळे मिटले, आईचं नाव घेतलं, आणि बाई म्हणाल्या, ‘झालं.’ एवढंच असतं, ताई? एवढ्यासाठी मी तुला दीड वर्ष त्या यंत्राला बांधून ठेवलं?

मी म्हटलं, अजून एक नळी भरा. ती तुझ्या इस्पितळात पाठवली. काल फोन आला.

रक्तगट जुळतो. दीड वर्षापूर्वीही जुळतच होता.

अजून बऱ्याच तपासण्या बाकी आहेत, आणि प्रत्येकीत सुई आहे, हे मी विचारून घेतलंय. येत्या गुरुवारी सकाळी नऊला मी तिथे हजर असेन. कान उपटायचे असतील तर तेव्हा उपट, दोन्ही उपट, त्यांची इस्पितळाला गरज नाही. माफी पत्रात मागत नाही. ती समोर उभा राहूनच मागायची आहे.

फक्त एक काम कर. त्या दिवशी भावोजींना धुलाईखान्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसव. मला माझा अजून भरवसा नाही.

तुझा, नव्या अहवालानुसार माणूस,
टिल्लू