एकशे ऐंशी वेळा 'छान'

१४ मार्च, सकाळी सात

प्रिय ताई,

नमस्कार. बाबांचा खोकला थांबला असेल, भाचीचा पेपर सोपा गेला असेल. मी मजेत. म्हणजे तीन दिवस घास उतरत नाहीये, पण ते असो.

पत्र घेऊन आलेल्या वायरमनला आधी आत घे. चहाचं नंतर बघ. त्याला जिन्याखालची बॅटरी दाखव, आणि तो ती काढेपर्यंत बाबांना घेऊन अंगणात बस. पुढचं तिथेच वाच.

बसलीस? माझं काम तुला ठाऊक आहे. स्वच्छ विजेचं कुणी काही नवं बनवलं की ते प्रयोगशाळेतून बाजारात न्यायचं. बाबा त्याला सुईणकाम म्हणतात. आमच्यात रीत अशी की पहिला नग ओळखीच्या घरी बसवायचा आणि त्या घराने सहा महिने रोज वहीत लिहायचं. आमच्या प्रयोगशाळेतल्या चष्मिष्टाने बनवलेली ही बॅटरी मीच हट्टाने तुझ्या गळ्यात मारली. आणि तू रोज लिहिलंस, 'छान'. एकशे ऐंशी वेळा छान! अगं, लहानपणी मी करपवलेल्या भातालाही तू छानच म्हणाली होतीस.

रविवारी बाबा फोनवर सहज बोलून गेले, "जिन्याखालची भिंत हल्ली हात लावू देत नाही. म्हणून ताईने माझी खाट पुढच्या खोलीत आणली. तुला सांगू नका म्हणाली." ती भिंत कधीच तापता कामा नये, ताई; तापली म्हणजे बॅटरी पेटू शकते. सोमवारी तुला फोन करून विचारलं, बॅटरी कशी आहे? तू म्हणालीस, "छान." आणि मी मूर्खाने "बरं" म्हणून फोन ठेवला. म्हणूनच या वेळी फोन नाही, पत्र.

खरं सांगू? मला आधीच कळलं होतं. गेल्या महिन्यात आलो तेव्हा झाकण एका बाजूने फुगलेलं दिसलं. तूही बघत होतीस, मीही बघत होतो. तू म्हणालीस, "चहा घेतोस?" मी म्हणालो, "घेतो." आणि परत येऊन तुझ्या वहीची नक्कल दवाखानेवाल्यांपुढे ठेवली. तिच्या भरवशावर ते चाळीस दवाखान्यांत, बाळंतिणींच्या खोल्यांत, हीच बॅटरी बसवणार आहेत. सह्या आज दुपारी आहेत.

तू माझ्यासाठी खोटं लिहिलंस, त्याचा राग नाही. मी ते ओळखूनही पुढे केलं, त्याची लाज वाटते. चष्मिष्टाला काल सगळं सांगितलं. तो चष्मा पुसत बसला. त्याची चार वर्षं पाण्यात. माझी नोकरी राहते की जाते, देव जाणे. भीती वाटतेय गं, अक्षरावरून कळलंच असेल.

आता एकच कर. वहीच्या शेवटच्या पानावर खरं लिही. भिंत कधीपासून तापते, खाट कधी हलवलीस, सगळं. मला वाईट वाटेल म्हणून एक शब्दही गाळू नकोस. वायरमन वही घेऊन बारापर्यंत परत येईल. मी ऑफिसच्या दारातच उभा असेन, आणि ते पान तसंच दवाखानेवाल्यांपुढे ठेवेन.

भात करपलाच होता, ताई. मला तेव्हाही कळलं होतं.

तुझा,
धाकटा