ओठात टोचायची सुई

ताई,

ठकीला जाऊन वर्ष होईल आणि तू अजून येईल-जाईल त्याला सांगतेस, औषधच बनावट होतं. औषध चांगलं होतं. फ्रिजमधून मीच काढलं होतं.

कुत्र्याने तिचा ओठ फाडला होता. दंडातली लस लागू पडायला दिवस लागतात, तोवर रेबीजचा विषाणू मेंदूची वाट धरतो. म्हणून तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन लगेच जखमेतच द्यायचं असतं. नव्या नर्सना हे मीच शिकवते. पण ठकी किंचाळली, तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, "ओठात नको गं, मावशी ना तू तिची?" मी विरघळले. सगळं औषध मांडीत टोचलं आणि केसपेपरवर लिहिलं, जखमेत दिलं. चौकशीवाल्यांनी तो कागद वाचला आणि खापर औषधावर फोडलं.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर मनगट कुणी धरलं होतं, हे तुलाही आठवेल.

काल एक मुलगी आली, पापणीला चावा. तिच्या आईनेही माझं मनगट धरलं. मी आईला बाहेर काढलं आणि पापणीत चार ठिकाणी सुई घातली. पोरीने वॉर्ड डोक्यावर घेतला. दारातून आई ओरडली, "बाई आहेस की कसाई?"

ताई, त्या दिवशी हे तू मला म्हणायला हवं होतंस. ठकीने जन्मभर माझ्याशी कट्टी घेतली असती. चाललं असतं मला.

तुझी धाकटी