सात भाज्या

आई,

आज विद्यापीठाच्या अल्बनी कॅम्पसवर नव्या मुलांना ती भाज्यांची चाचणी शिकवली. समोरच्या वयस्कर माणसाने एका मिनिटात आठवतील तितक्या भाज्या सांगायच्या, आपण फक्त लिहून घ्यायचं. मान हलवायची नाही, मदत करायची नाही. शिकवता शिकवता हिल्सबरोच्या घरातलं आपलं जेवणाचं टेबल आठवलं.

म्हाताऱ्या माणसांवरचा आमचा अभ्यास सुरू होण्याआधी सराव म्हणून मी तुला बसवलं होतं. तू हौसेने पदर सावरून बसलीस. बटाटा, फ्लॉवर, मटार, गाजर, कोबी, टोमॅटो, काकडी, आणि थांबलीस. निम्म्याहून जास्त वेळ शिल्लक आहे, तू माझ्याकडे बघते आहेस आणि मी ढिम्म. "बरोबर आलं का गं?" "आई, ते सांगायचं नसतं." मंडईत जुडी जुडी पारखून घेणारी बाई सातावर अडकते म्हणजे काय! त्याच आठवड्यात मी तुला शेगडीपासून लांब केलं, आणि पुण्याला दादाला फोन करून सांगून टाकलं की आई विसरायला लागली. तू भांडली नाहीस. खिडकीशी बसून लसूण तेवढी सोलून द्यायचीस.

मग एका रविवारी पुकेकोहेच्या रस्त्यावर भाजीच्या स्टॉलवर तुला शेपू दिसला. मागच्या सीटवरून तुझी नात ओरडली, "आजी, नो! इट स्टिंक्स!" तू जुडी खाली ठेवलीस. गाडीत बसल्यावर हळूच म्हणालीस, "त्या दिवशी तुमच्याकडे खपतात तेवढ्याच भाज्या सांगितल्या मी. शेपू, कारली, मुळा कशाला काढायचा? घरात वास बसतो, तूच म्हणाली होतीस ना." म्हणजे तू काहीच विसरली नव्हतीस. लेकीच्या घरी पाहुण्यासारखी जपून राहत होतीस. आणि उतारवयात माणसं सुखी कशाने राहतात, हाही माझ्याच अभ्यासाचा विषय!

मुलांना मी आज सांगितलं की सरावात माझी एक चूक झाली आणि ती फार उशिरा कळली. ते खोटं आहे. गाडीत तुझा शब्द न् शब्द मी ऐकला होता. वळण शोधत असल्याचं सोंग केलं, कारण स्वयंपाकघर माझं एकटीचं झालं होतं आणि मला ते आवडायला लागलं होतं.

तू कायमची गेलीस तेव्हा दादा म्हणाला, "बरं झालं, आईचं विसरणं तुझ्या वेळीच लक्षात आलं." मी मान हलवली. हे पत्र निदान त्याला तरी पाठवायला हवं. मी पाठवणार नाही.