तीन आठवड्यांनी फरक पडला नाही, असा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
विकृतिशास्त्र विभाग,
(रुग्णालयाचे नाव लिफाफ्यावर लिहिले आहे. आत लिहू नये, असे अर्जदाराच्या मुलीचे म्हणणे पडले.)
ठाणे.

अर्जदार : शरच्चंद्र वामन पातकर, वय ५६, धंदा नोकरी (लेखनिक, कनिष्ठ महाविद्यालय), राहणार ब्राह्मण आळी, भिवंडी, जि. ठाणे.

विषय : कै. सौ. रूपा शरच्चंद्र पातकर यांच्या नमुन्यासंबंधी गोल शिक्क्यासह दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपला अहवाल दि. ८ फेब्रुवारी २०२५, शेरा 'नमुना परीक्षणास अयोग्य'.
२) आपल्या खिडकी क्र. ३ वर अर्जदाराने केलेल्या तोंडी विनंत्या, एकूण पाच.

महोदय,

१. अवकाशातून पृथ्वीवर आणलेला नमुना देवघरातल्या मूर्तीपेक्षा अधिक जपला जातो, त्याला उघडा हात लागत नाही, बाहेरचा वारा लागत नाही आणि तो कधीही बाटत नाही, ही बाब अर्जदार सुरुवातीसच नम्रपणे निदर्शनास आणून देतो. यातले शेवटचे विधान खरे नाही. खुलासा परिच्छेद ७ मध्ये केला आहे.

२. अर्जदार पदार्थविज्ञानाचा पदवीधर (द्वितीय श्रेणी) असून एका स्थानिक साप्ताहिकात गेली एकोणीस वर्षे विज्ञानविषयक सदर लिहीत आहे. पूर्वी ग्रहताऱ्यांचे एक आणि आरोग्याचे एक अशी दोन सदरे होती. साड्यांच्या सेलच्या जाहिराती वाढल्यावर संपादकांनी दोन्ही एकत्र केली. त्यामुळे अर्जदाराच्या वाचकांना मंगळावरचा खडक आणि मधुमेहावरची नवी गोळी एकाच चौकटीत वाचायची सवय आहे. सदर छापायला जाण्याआधी दर शनिवारी दुपारी ते पत्नी रूपा यांना वाचून दाखवण्याचा प्रघात होता. रूपा कोन गावाजवळच्या एका गोदामात माल रवाना करणाऱ्या विभागाच्या सुपरवायझर होत्या. प्रत्येक शोध ऐकून त्या एकच प्रश्न विचारत, "हे आपल्याकडे कधी पोचणार?" अर्जदार सांगत असे, दहा वर्षांत. एकोणीस वर्षे त्याने हेच उत्तर दिले.

३. शनिवार दि. १ फेब्रुवारी २०२५ रोजी भिवंडीतील एका नर्सिंग होममध्ये रूपा यांच्या मानेतील गाठीचा तुकडा काढण्यात आला. तो एका लहान बाटलीत, औषधात बुडवून, अर्जदाराच्या हाती देण्यात आला व ठाण्यास आपल्याकडे पोचवा असे सांगण्यात आले. आपल्याकडची पद्धतच अशी आहे, की बाईचे निदान तिच्या नवऱ्याने कापडी पिशवीत घालून घेऊन जायचे. आपला विभाग शनिवारी दुपारी एकनंतर बंद होत असल्याने बाटली सोमवारपर्यंत घरी राहिली. रूपा मानेला पट्टी असतानाही उठल्या आणि त्यांनी मार्करने बाटलीवर स्वतः लेबल लिहिले. नाव, वय, 'गाठ, मान, डावी बाजू', आणि गोदामाच्या सवयीप्रमाणे वरच्या दिशेचा बाण. "अहो, बिनलेबलाचा माल मी आयुष्यात सोडला न्हाय," असे त्या म्हणाल्या. "हा तर माझाच हाय."

त्यानंतर अर्जदाराने त्यांना त्या आठवड्याचे सदर वाचून दाखवले. बेन्नू नावाच्या लघुग्रहावरून यानाने आणलेल्या मातीचे निष्कर्ष तीनच दिवसांपूर्वी जाहीर झाले होते. सजीवांना लागणाऱ्या वीस अमिनो आम्लांपैकी चौदा त्या मातीत सापडली, आणि आनुवंशिकतेची लिपी ज्या पाच अक्षरांत लिहिली जाते ती पाचही सापडली. आणलेली सगळी माती मिळून सुमारे एकशे एकवीस ग्रॅम भरली. रूपा म्हणाल्या, "एवढा तर आईचा एका टायमाचा मसाला होतो." अर्जदाराने हे वाक्य सदरात घातले.

४. रूपा यांच्या मातोश्री श्रीमती गोदूबाई, वय ७६, राहणार कोन, या वेळी शेजारी स्वयंपाकघरात होत्या. गोदूबाईंनी चाळीस वर्षे मासळी विकली आहे. बर्फाचा खर्च वाचवण्यासाठी मासळीला औषध मारून ती चार-चार दिवस ताजी दाखवणाऱ्या व्यापाऱ्यांचा त्यांना मनापासून संताप आहे, आणि असा माल त्या डोळे मिटून वासावर ओळखतात. त्यांनी बाटलीचे झाकण उघडले. तो वास त्यांच्या चांगल्याच ओळखीचा निघाला. "मेल्यांनी माझे पोरीला मासलीचा औषध मारून ठेवलाय," असे त्या बोलल्या. हे अर्जदाराने ऐकले होते. तो त्या वेळी अमिनो आम्लांच्या वाक्याच्या मध्यावर होता आणि वाक्य लांब होते.

गोदूबाईंनी औषध मोरीत ओतले. बाटली तीन पाण्यांनी धुतली. माठातले पाणी गाळून तिच्यात भरले, वर तुळशीचे एक पान सोडले आणि बाटली फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवली. लेबल ओले होऊ दिले नाही. बाण वरच ठेवला. सोमवारी सकाळी बाटली पिशवीत घालताना अर्जदाराला आतले पान दिसले. श्रद्धेचा विषय आहे असे समजून त्याने त्यावर काही विचारले नाही.

५. दि. ८ फेब्रुवारी रोजी आपला अहवाल मिळाला. 'नमुना फॉर्मेलिनमध्ये नसून पाण्यात आढळला. कुजल्यामुळे परीक्षणास अयोग्य. बाह्य पदार्थ : पान, एक. नवा नमुना पाठवावा.' हा मजकूर अर्जदाराचे मेहुणे चांगदेव यांनी आपल्या विभागाबाहेरील बाकावर मोठ्याने वाचून दाखवला. त्यांना मोठ्यानेच वाचता येते. त्यावर अर्जदाराने, "बाटलीत पाणी कोणी घातलं?" असा प्रश्न सर्वांसमक्ष विचारला. गोदूबाईंनी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. "मीच. सोच्छ पानी व्हता, जावय. गालून घेतलेला."

अर्जदार त्यानंतर जे बोलला ते या अर्जास जोडण्यासारखे नाही. बाकावरच्या इतर रुग्णांचे नातेवाईक उठून पलीकडे जाऊन बसले, एवढेच येथे नोंदवणे पुरेसे आहे. रूपा एवढेच म्हणाल्या, "अहो, आईला ओरडू नका. पार्सल रिटर्न आलंय. परत पाठवू."

६. मध्यंतरी रूपा यांना ताप आल्याने दुसरा तुकडा दि. २५ फेब्रुवारी रोजी काढता आला. पहिल्या तुकड्यापासून मोजल्यास तीन आठवडे व तीन दिवस होतात. या खेपेस अर्जदार बाटली मांडीवर घेऊन, झाकण मुठीत धरून, थेट ठाण्यास आला. दि. ४ मार्चच्या अहवालात आजार पसरल्याचे निदान झाले. उपचार सुरू झाले. मे महिन्यात अर्जदाराने त्यांना खाटेशेजारी बसून बातमी वाचून दाखवली, की परदेशात एका तान्ह्या बाळाच्या जनुकातली चूक दुरुस्त करण्यासाठी केवळ त्याच्यापुरते औषध सहा महिन्यांत तयार करण्यात आले. रूपा म्हणाल्या, "एकाच पोरासाठी? आणि बाकीच्यांनी कुठल्या लायनीत उभं रहायचं?" नेहमीचा प्रश्न त्यांनी या वेळी विचारला नाही. दि. १९ जून २०२५ रोजी सकाळी त्यांचे निधन झाले. सदर त्या आठवड्यात प्रसिद्ध झाले नाही. एकाही वाचकाने चौकशी केली नाही.

७. गोदूबाईंच्या बचावार्थ अर्जदार पुढील बाबी सादर करतो. रियुगू नावाच्या लघुग्रहाचे कण जपानी यानाने बंद कुपीत आणले, ते निर्जंतुक खोलीत उघडले, हातमोजे घालून हाताळले. त्यातल्याच एका कणावर पुढे इंग्लंडात पृथ्वीवरचेच जंतू वाढलेले आढळले. यावर कोणी कोणाला बाकावरून उठवले नाही. उलट निबंध प्रसिद्ध झाला. बेन्नूच्या डब्याचे दोन स्क्रू निघेनात, तेव्हा नवे हत्यार तयार होईपर्यंत शास्त्रज्ञ तीन महिने थांबले. या तीन महिन्यांनी मातीत काय फरक पडला, असे विचारण्याचा उद्धटपणा कोणी केला नाही. ज्या कामात एवढ्या शिकलेल्या लोकांच्या हातून असे घडते, तिथे चौथी न शिकलेल्या बाईने आपल्या लेकीचा तुकडा विषात राहू नये म्हणून धुतला, तर त्यास हलगर्जीपणा म्हणता येणार नाही. तो अतिकाळजीपणा होता.

शिवाय संबंधित नर्सिंग होमने बाटली देताना कोणतीही लेखी सूचना दिली नव्हती, ही बाब अत्यंत गंभीर आहे. एक ओळ जरी मराठीत लिहून दिली असती, तरी अर्जदाराने ती घरात सर्वांना वाचून दाखवली असती. वाचून दाखवणे हे त्याचे एकोणीस वर्षांचे काम आहे. जबाबदारी निश्चित व्हायची असल्यास ती तेथे व्हावी.

८. रूपा यांच्या दहाव्याला सर्वांनी पाणी दिले. गोदूबाईंनी दिले नाही. भटजींनी दोनदा हाक मारली. त्या हात पदरात गुंडाळून मागे उभ्या राहिल्या. तेव्हापासून आजतागायत त्या कोणालाही आपल्या हाताने पाणी देत नाहीत. कोनच्या घरी कोणी आले, तर "माठ तिकडं हाय, तुमच्या हातानं घ्या" असे सांगतात. अर्जदाराची मुलगी ओवी हिने डिसेंबरमध्ये मुद्दाम ठसका लागल्याचे नाटक करून पाणी मागितले. त्या उठून शेजारणीला बोलवायला गेल्या. शेजारीण येईपर्यंत ठसका चालू ठेवावा लागला.

अर्जदार जेव्हा जेव्हा कोनला जातो, तेव्हा गोदूबाई एकच विचारतात, "माझे पान्यानं गेली का ती, जावय?" आपल्या विभागातील तरुण डॉक्टरांनी 'फारसा फरक पडला नसता' असे सांगितले आहे, हे अर्जदाराने त्यांना चार वेळा कळवले. त्यांचे म्हणणे, "तोंडानं समदेच बोलतान. कागद हाय का?" गोदूबाईंना वाचता येत नाही. मात्र गोल शिक्का असलेला कागद खोटा नसतो, अशी त्यांची सातबाऱ्यापासूनची खात्री आहे. चौकोनी शिक्का त्या मानत नाहीत.

९. सबब विनंती की,

(अ) आपल्या कागदावर, आपल्या सहीने व गोल शिक्क्याने, 'दि. १ ते २५ फेब्रुवारी या काळातील विलंबामुळे कोणताही फरक पडला नाही' असा दाखला मिळावा. त्यात 'फारसा' हा शब्द असू नये.

(आ) दि. ८ फेब्रुवारीच्या अहवालातील 'बाह्य पदार्थ : पान, एक' या नोंदीऐवजी 'तुळस' असे नमूद व्हावे. ते पान बाहेरचे नव्हते. कुंडी रूपा यांनीच लावली होती.

(इ) नियमात बसत असल्यास, अयोग्य ठरलेला नमुना अद्याप आपल्या कपाटात असेल तर तो अर्जदारास परत मिळावा. नसल्यास बाटली मिळावी. तिच्यावर त्यांचे अक्षर आहे.

१०. असे लिहून देता येत नाही, असे आपण कळवाल, याची अर्जदारास कल्पना आहे. विज्ञान 'कोणताही' असे म्हणत नाही, हे त्याने सदरात स्वतःच अनेकदा लिहिले आहे. मंगळावर ठिपके असलेला एक खडक सापडला असून त्यात पुरातन जीवांच्या खुणा असाव्यात, असे गेल्या सप्टेंबरात जाहीर झाले. 'असाव्यात', एवढेच. पक्के सांगायला तुकडा इथे आणून तपासावा लागेल. तो नळीत बंद करून यानाने तिथे जपून ठेवलेला आहे, आणि आणायला वाहन नाही. तेथील अधिकाऱ्यांना निदान वाट पाहता येते.

आमच्या बाबतीत तसे नाही. तो पहिला तुकडा चांगल्या स्थितीत मिळाला असता तर काय दिसले असते, आणि ते तीन आठवडे आधी दिसले असते तर काय झाले असते, हे आता कोणत्याही प्रयोगशाळेत तपासता येणार नाही. त्यामुळे आपण दिलेला दाखला चुकीचा ठरण्याचा धोका आपल्याला नाही. हा मुद्दा अर्जदाराने पूर्ण विचारांती मांडला आहे.

गोदूबाई एरवी घराबाहेर पडत नाहीत, परंतु दाखल्यासाठी ठाण्यास यायला तयार आहेत. दाखला त्यांच्या हातात द्यावा. तो मिळाल्यावर आपल्याला तहान लागली आहे असे भासवून एकदा त्यांच्याकडे पाणी मागितल्यास अर्जदार ऋणी राहील. नळ दरवाजाजवळच आहे, हे अर्जदाराने खिडकी क्र. ३ वरून पाहून ठेवले आहे.

कळावे,

आपला नम्र,
(सही)
शरच्चंद्र वामन पातकर
भिवंडी, दि. ५ जानेवारी २०२६

सोबत :
१. बेन्नूविषयक बातमीचे कात्रण, ज्यावरून दि. १ फेब्रुवारीचे सदर लिहिले.
२. आपला अहवाल दि. ८ फेब्रुवारी २०२५, छायाप्रत.
३. आपला अहवाल दि. ४ मार्च २०२५, छायाप्रत.
४. मृत्यूचा दाखला, छायाप्रत.
५. नर्सिंग होमने बाटलीसोबत दिलेली सूचना, मूळ प्रत. मजकूर : 'बाटलीतील औषध ओतू नये. पाणी घालू नये.' मराठीत, मोठ्या अक्षरांत छापलेली. अर्ज लिहून झाल्यावर क्र. १ चे कात्रण वहीतून काढले, तेव्हा त्याच पानात अर्जदाराने खूण म्हणून घातलेली सापडली. घडी उघडलेली नव्हती.