पहिला घास

विजू,

तू दळण आणायला गेलीस तवर शेजारच्या शिवप्रसादनं गाडी काढली, म्हणून निघाले. बसवकल्याणला, धाकट्या भणीच्या नातवाच्या बारशाला. व्हय, मीच जायलेय. डोळं मोठं करू नको.

वर्षभर कुणाच्या पंगतीला गेले न्हाई, तर तुला वाटलं सासूचा मान कमी पडला. मान न्हाई गं, छातीतली आग. आपल्यात थोरल्या बाईनं पहिला घास घेतल्याबिगर कुणी ताटाला हात लावत न्हाई. अन् मी दोन घासांत उठले की बाया म्हणणार, राजूबाईला सैपाक आवडला न्हाई.

त्यात मी चिंचेचं सार ढोसायची, पित्त धुऊन निघंल म्हणून. तू वाटी वढून घेतलीस तवा तुज्या माहेरापर्यंत बोलले. तरी तू धन्या-जिऱ्याचं पाणी देत राहिलीस, दिवस मावळायच्या आत भाकर वाढलीस. भाजीतलं तिखट गुपचूप कमी केलंस, ते मला पहिल्याच दिशी कळलं होतं. जीभ हाय माजी, चामडं न्हाई.

परवा पुरणाची पोळी खाऊन आडवी झाले, ती थेट सकाळीच उठले, रातभर आग न्हाई.

आज पंगतीत शेवटपर्यंत बसणार हाय. ठेचा घेणार न्हाई, भिऊ नको. ताक झाकून ठेवलंय, मांजर फिरायलीय.

कशानं बरं वाटलं म्हणून बाया विचारतील. सुनेनं केलं, असं सांगीन. एकदाच सांगीन. पुन्यांदा विचारलं तर माजंच औषध.

सासू