भिंतीपलीकडच्या मैनाकाकू

बालाघाट,
कोजागिरीनंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप आशाआत्यास मधुवंतीचा दोन्ही पाय घट्ट धरून (आणि सोडवून घ्यायची संधी न देता) नमस्कार.

तुझे गुडघे काय म्हणतात? नागपूरच्या त्या नव्या इमारतीतली लिफ्ट सुरू झाली, की अजून उद्घाटनाला कुणी मोठा माणूस मिळायचाय? इकडे आईची पाठ आणि बाबांचा राग, दोन्ही जागच्या जागी आहेत. माझी शाळा हिंदीतली, तेव्हा या पत्रात चुका निघतील. त्या मुख्याध्यापिका म्हणून लाल पेनानं गोल करू नकोस, आत्या म्हणून सोडून दे.

मला नाटकाचं वेड आहे हे तुला ठाऊक आहे. (तू त्याला ‘थेरं’ म्हणतेस, आणि आपण जन्मात एकही नाटक पाहिलं नाही हे दर दिवाळीला अभिमानानं सांगतेस.) पण शाळेच्या गॅदरिंगमध्ये वर्षातून एकदा रंगमंच मिळतो, बाकीचं वर्ष काय करायचं? म्हणून मी भाजी आणायला जाते ती राज्य गमावलेली राणी होऊन. (राणीलाही कोथिंबीर फुकट मिळत नाही.) केमिस्ट्रीच्या तासाला मी बहुतेक कुणाची तरी विधवा असते. आई म्हणते, घरात पोरगी एकच, पण जेवायला कोणती येऊन बसेल त्याचा नेम नाही. इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा मैनाकाकूंनी केला, आणि तोही मेल्यानंतर.

शेजारचे मोतीलालकाका मलाजखंडच्या खाणीतून निवृत्त झाले तोवर सुरुंगांनी त्यांचे अर्धे कान खाल्ले होते. त्यामुळे मैनाकाकूंनी जन्मभर ओरडूनच संसार केला. त्यांची “अवो, आयकता का?” ही हाक मधल्या भिंतीतून आली की आमच्याकडेही सगळे जेवायला उठत. ती हाक मी लहानपणीच उचलली होती. भाद्रपदात एका सकाळी काकूंनी अंगणात सडा घातला आणि रांगोळी काढायच्या आत त्या गेल्या.

दहाव्याला आम्ही सगळे वैनगंगेच्या घाटावर. पिंड मांडला, समोरच्या झाडावर कावळे दाटीनं बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ. मग कबुल्या सुरू झाल्या. त्यांचा धर्मेंद्रदादा म्हणाला, “आई, बाबाले मी रायपूरले नेतो.” कावळे ढिम्म. पौर्णिमावहिनी म्हणाली, तुमची तुळस मी सांभाळीन. (वहिनीच्या फ्लॅटमध्ये ऊन येत नाही हे काकूंना पक्कं माहीत होतं.) आत्या, खरं सांगते, मला दुःखापेक्षा त्या अभिनयाचा त्रास होत होता. एकाचंही वाक्य पोटातून येत नव्हतं, मग कावळ्याला तरी कसं पटावं? गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेव्हा मला राहवलं नाही. मी काकांच्या मागे उभी होते. तिथूनच काकूंच्या आवाजात म्हटलं, “अवो, आयकता का? रातच्याले दूध घेत जा. आन् मफलर इसरू नका.”

काका वळले नाहीत. नदीकडे बघतच म्हणाले, “हौ. घेतो.” आणि एक म्हातारा, एका पंखानं तिरपा कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रवेश, आणि एकही टाळी नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, नंतर कुणीच बघेना.

दादा-वहिनी रायपूरला गेले, काका मात्र जागचे हलले नाहीत. दिवेलागणीला ते मागच्या भिंतीशी येऊन उभे राहू लागले. फसले होते असं नाही हं. ही शेजारच्या गुणाकरची पोरगी आहे हे त्यांना लख्ख ठाऊक होतं. उलट सुधारणा सांगायचे. “‘आयकता’च्या आंधी ते जराशी थांबे. फिरून म्हण.” मी फिरून म्हणायचे, मग ते आत जाऊन आईनं पाठवलेला डबा खायचे. इतका कडक दिग्दर्शक मला शाळेत मिळाला नव्हता. पण एका संध्याकाळी मी ठरलेली हाक मारली, आणि माझं तोंड पुढे आपोआप बोललं, “चष्मा तांदुळाच्या कोठीत हाये.” ती कोठी असते त्या खोलीत मी कधी पाऊल ठेवलेलं नाही. चष्मा कोठीतच निघाला.

तेव्हापासून मला भीती वाटते, आत्या. हे मी राणी होऊन नाही, मी म्हणून सांगतेय. हजेरीला “यस सर” म्हणायला तोंड उघडलं आणि “हौ, हाये न” बाहेर पडलं. गॅदरिंगच्या तालमीत माझी झाशीची राणी फिरंग्यांना मफलर बांधायला सांगते. गल्लीतली गीताबाई सासूची नथ कुठे आहे ते विचारायला नारळ घेऊन आली, तेव्हा मात्र बाबांचा तोल सुटला. “मेलेल्या माणसाची थट्टा काहून करून राह्यली? आजपासून नाटक बंद. शाळेतलंबी.” मला वाटतं, नाटकाशिवाय मी जगेन, पण कोण म्हणून जगेन ते कळत नाही.

मी गप्प झाले. शेजारून डबा भरलेलाच परत येऊ लागला. आईनं काकांना हाताला धरून आमच्याकडे जेवायला बोलावलं, तरी ते आले नाहीत. आणि मग परवा संध्याकाळी आम्ही पानावर बसलो होतो. माझ्या तोंडात भाताचा मोठा घास. भिंतीपलीकडून आवाज आला, “अवो, आयकता का?” त्या जराशा थांब्यासकट. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आ करून घास दाखवला. पलीकडून काका म्हणाले, “हौ, घेतो,” आणि ताट सरकवल्याचा आवाज झाला. बाबांनी पाट फिरवला. जेवण संपेपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसले.

मोठ्यांस नमस्कार, आणि तुझ्या पोपटाला डाळ.

तुझी (अजून तरी)
मधुवंती

ता. क. दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला मुलांचं नाट्यशिबिर आहे. मी तुझ्याकडे राहीन, भांडी घाशीन, पोपटाशी नीट बोलीन. बाबा तुझा शब्द मोडत नाहीत. एक फोन कर, एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं.

ता. क. दुसरा. घाबरू नकोस. परवाचा आवाज माझाच होता, काकांच्या मोबाइलमध्ये भरून दिलेला. मी नागपूरला गेल्यावर ते उपाशी राहू नयेत म्हणून. त्यात फक्त हाक आणि ‘जेवून घ्या’ एवढंच आहे. बाबांना अजून माहीत नाही, तेव्हा फोन करायचा तर आत्ताच कर, ते नरम आहेत.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार, तेवढ्यात काका आले. मोबाइल पुढे करून म्हणाले, “हा दसऱ्यापासून बंद पडला हाये. चालू करून देशील का?” मी विचारलं, मग परवा काय वाजलं? काल तुम्ही जेवलात कसे? तर म्हणाले, “मैनानं बलावलं न. अन् तुह्या आशाआत्यालेबी निरोप देल्ला. म्हणे, लग्नाच्या आंधी घरच्यायले न सांगता माह्यासंगं रामपायलीले नाटक पाहाले आलती, तवा थंडीची माही हिरवी शाल नेलती. वापस नको म्हणा. पोरीले पांघराले दे म्हणा.” कोणती शाल म्हणून विचारलं, तर काकांना काहीच ठाऊक नाही.

आत्या, तू तर जन्मात नाटक पाहिलेलं नाहीस. मग फोन करशील तेव्हा एवढंच सांग, शाल अजून आहे का?